परवलीचा शब्द रोज नवा

कपड्यांच्या मोठ्या दुकानात किमतीचं लेबल कधीतरी उजेडासमोर धरून पाहा. काही लेबलांच्या आत धातूची नागमोडी नक्षी दिसते आणि तिच्या मधोमध खसखशीच्या दाण्याहून लहान काळा ठिपका. नक्षी म्हणजे अँटेना, ठिपका म्हणजे चिप. बॅटरी कुठेच नाही. आपल्या गाडीच्या काचेवरचा फास्टॅगही याच जातीचा.

मग हा टॅग बोलतो कसा? टॅग वाचणारं यंत्र, म्हणजे रीडर, रेडिओलहरी सोडतो. त्यांतलीच चिमूटभर ऊर्जा घेऊन चिप जागी होते आणि अँटेनावरून परतणाऱ्या लहरी भराभर कमी-जास्त करते. मुलं आरशाने भिंतीवर कवडसा पाडतात, आरसा हाताने झाकतात, पुन्हा उघडतात, अगदी तसंच. उजेड सूर्याचा, खूण मात्र मुलाची. त्या लुकलुकण्यातून रीडर टॅगचा क्रमांक वाचतो. खोकं उघडावं लागत नाही आणि एका सेकंदात शेकडो टॅग वाचून होतात.

ही युक्ती औषधांसाठी वापरावी असं वाटणं साहजिकच होतं. गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत दहापैकी एक औषध निकृष्ट किंवा बनावट असतं, असा जागतिक आरोग्य संघटनेचा २०१७चा अंदाज आहे. फायझर कंपनीने २००५च्या अखेरीस अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या व्हायग्राच्या बाटल्यांवर असे टॅग लावायला सुरुवात केली, कारण त्या गोळ्यांची नक्कल फार होत होती.

पण नुसता क्रमांक हा परवलीच्या शब्दासारखा असतो. पहारेकऱ्याला सांगताना तो कुणी आडून ऐकला, की दुसऱ्या रात्री शत्रूही तोच शब्द सांगून आत शिरतो. साध्या टॅगचा क्रमांक असाच वाचून कोऱ्या टॅगवर उतरवता येतो. क्यूआर कोडचं तर छायाचित्रही पुरतं. एकच क्रमांक सकाळी नागपुरात आणि दुपारी कोल्हापुरात दिसला तर नोंदींवरून शंका येते, पण दोन्ही ठिकाणी कुणी तो तपासला तरच.

यावरचा उपाय मला या साऱ्या तंत्रातला सर्वांत सुंदर भाग वाटतो. सुरक्षित चिपमध्ये कारखान्यातच एक गुप्त किल्ली, म्हणजे एक लांबलचक संख्या, ठेवलेली असते, बहुधा १२८ बिटांची (शून्य-एकाच्या १२८ अंकांची). रीडर प्रत्येक वेळी एक नवी, कशीही निवडलेली संख्या पाठवतो. चिप ती संख्या आणि किल्ली मिळून गणित करते आणि फक्त उत्तर परत धाडते. किल्ली हवेत कधी येतच नाही. आजचं उत्तर चोरून ऐकणाऱ्याला उद्या त्याचा काहीच उपयोग नाही, कारण उद्याचा प्रश्न वेगळा असणार.

अडचणी आहेतच. पाणी रेडिओलहरी शोषून घेतं आणि धातू त्या परतवतो. म्हणजे पातळ औषधाची बाटली आणि गोळ्यांची चंदेरी पट्टी, दोन्ही टॅगला जाचक. शिवाय असा टॅग छापील कोडापेक्षा महाग. दहा रुपयांच्या पट्टीला तो परवडत नाही, आणि फसवणूक झाली तर त्या पट्टीवरच्या रुग्णाचं नुकसान काही कमी नसतं.

आणि खऱ्या बाटलीत खोटं औषध भरलं तर? टॅग तरीही बरोबर उत्तर देईल. म्हणून काही सीलमध्ये चिपला जोडलेली बारीक तार झाकणावरून फिरवलेली असते. झाकण उघडलं की तार तुटते, चिप ते कायमचं नोंदवून ठेवते, आणि पुढे कुणीही मोबाइल टेकवला तरी एकच उत्तर येतं: उघडलेली आहे.