हरणासाठी लहान बोअरचं वेगवान काडतूस: परदेशातल्या मुलाला सांगण्याआधी

कुणाचा मुलगा टेक्सासला आहे, कुणाचा भाचा स्कॉटलंडला. तिथं हंगामात परवाना काढून हरणाची शिकार करता येते. सुट्टीत फोन होतो, मग सांगलीतला बाप किंवा मामा आमच्या बंदूक-काडतुसांच्या दुकानात येऊन विचारतो, "त्याला कुठलं काडतूस घ्यायला सांगू? .२२३ चालेल का?" (.२२३, .२४३ हे आकडे साधारणपणे बोअरचे, म्हणजे नळीच्या छिद्राच्या रुंदीचे, इंचातले.) काउंटरवर उभ्या-उभ्या याचं पुरं उत्तर होत नाही, म्हणून हे लिहून काढलं.

आधी इथलं. आपल्याकडे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ लागू आहे आणि हरणाची शिकार हा गुन्हा आहे. चितळ, सांबर, भेकर, काळवीट, कशालाच सूट नाही. सागरेश्वर अभयारण्याच्या कुंपणाबाहेर आलेली जनावरं एका रात्रीत उभं पीक खाऊन जातात, हे आम्ही दरवर्षी कडेगाव-पलूसकडच्या ग्राहकांकडून ऐकतो आणि त्यांचं दुःख खरं आहे. तरीही पीक संरक्षणासाठी मिळालेल्या परवान्यावरची बंदूक हरणावर चालवता येत नाही. पंचनामा करून घ्यायचा आणि वनखात्याकडे भरपाईचा अर्ज करायचा, हाच रस्ता. पुढे जे लिहिलं आहे ते फक्त जिथं कायद्यानं शिकार होते तिथल्यासाठी. यातलं कुठलंही काडतूस आमच्याकडे विक्रीला नाही.

वेग येतो कुठून

बोलताना आपण अख्ख्या काडतुसालाच गोळी म्हणतो. इथं गोळी म्हणजे पुंगळीच्या (दारू भरलेल्या धातूच्या नळकांड्याच्या) तोंडात बसवलेलं आणि नळीतून बाहेर जाणारं टोक एवढंच समजा. तिचं वजन ग्रेनमध्ये मोजतात. सराफाची गुंज तसा हा ग्रेन, जवाच्या दाण्यावरून आलेला. १५.४३ ग्रेन म्हणजे एक ग्रॅम.

.३०८ ची पुंगळी घ्या, तिचं तोंड आवळून त्यात ६ मिलिमीटरची हलकी गोळी बसवा, की .२४३ विंचेस्टर तयार. १९५५ साली हे काडतूस बाजारात आलं. मागं दारू भरपूर आणि पुढं गोळी हलकी, म्हणून १०० ग्रेनची गोळी सेकंदाला साधारण ९०० मीटर वेगानं सुटते. .२२-२५० मध्ये गोळी फक्त ५५ ग्रेनची, म्हणजे साडेतीन ग्रॅमच्या आसपास, आणि वेग ११२० मीटर. .२२३ मध्ये तीच ५५ ग्रेनची गोळी ९९० मीटरच्या आसपास जाते.

या काडतुसांचा खरा फायदा खांद्याला कळतो. एसएलआर (मोठ्या बोअरची जुनी लष्करी रायफल) आणि इन्सास (लहान बोअरची नंतरची) दोन्ही चालवलेले माजी सैनिक आमच्याकडे बरेच येतात, त्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. धक्का कमी असला की माणूस घोडा दाबताना डोळे मिटत नाही, आणि नवख्याची गोळी जागेवर बसते. शिवाय गोळीचा मार्ग बराच सपाट राहतो. २०० यार्डांवर झिरो केलेल्या, म्हणजे नेम बरोबर त्या अंतराला जुळवलेल्या, .२४३ ची १०० ग्रेनची गोळी ३०० यार्डांवर साधारण ७ इंच खाली लागते. नवीन माणसाच्या हातात हे काडतूस द्यावं असं आम्हालाही वाटतं, ते याच कारणानं.

वेगाला भुलू नका

वेग दुप्पट झाला की ऊर्जा चौपट होते, हे शाळेत शिकलेलं सगळ्यांना आठवतं. त्यामुळे खोक्यावरचा वेगाचा आकडा बघूनच काडतूस ठरतं. पण ती ऊर्जा जनावराच्या छातीत, काळीज आणि फुप्फुसापर्यंत पोचवायची असते, आणि ते काम गोळीच्या बांधणीचं आहे.

पलूसकडच्या आमच्या एका जुन्या ग्राहकाच्या मुलानं अमेरिकेत मित्राची .२२-२५० नेली होती. खोक्यात होत्या त्या कोल्ह्या-कुत्र्याएवढ्या जनावरांसाठी बनवलेल्या गोळ्या, अगदी पातळ कवचाच्या. अंतर जेमतेम शंभर यार्ड, नेम बरोबर. गोळी खांद्याच्या हाडावर लागली आणि तिथंच फुटून तिचा भुगा झाला. जखम वर मोठी दिसत होती, पण आत काहीच पोचलं नव्हतं. हरीण पळालं. टॉर्च घेऊन रात्री उशिरापर्यंत रक्ताच्या खुणा शोधत फिरले, दुसऱ्या दिवशी दुपारी ते जिवंत सापडलं. फोनवर हे सांगताना त्या मुलाचा आवाज बसला होता. आम्ही हे पत्रक लिहायला घेतलं त्याला निम्मं कारण तो फोन आहे.

म्हणून आधी गोळी ठरवा, बोअर नंतर. हरणासाठीची गोळी लागल्यावर अळंबीसारखी फुलते, पण तिचा बुंधा शाबूत राहून आत जात राहतो. यासाठी कुणी शिशाचा गाभा तांब्याच्या कवचाला पक्का जोडतात, कुणी गोळीच्या मध्ये तांब्याचा पडदा ठेवतात, कुणी अख्खी गोळीच तांब्याची करतात. पडद्याची युक्ती अमेरिकेत जॉन नॉस्लर यांनी १९४० च्या दशकात काढली, कारण त्यांच्याही गोळ्या मूससारख्या मोठ्या जनावराच्या अंगावर वरच फुटत होत्या. उलट टोकाला आहे लष्करी पद्धतीची पूर्ण कवचाची गोळी. ती फुलतच नाही, बारीक भोक पाडून आरपार जाते आणि जनावर कुठंतरी दूर जाऊन तडफडतं. ती हरणासाठी कधीही घेऊ नये.

तिथला कायदा काय म्हणतो

हे प्रत्येक ठिकाणी वेगळं आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये बहुतेक हरणांसाठी बोअर किमान .२४० इंच आणि नळीच्या तोंडाशी ऊर्जा किमान २३०५ जूल लागते. वरच्या वजन आणि वेगाच्या आकड्यांवरून ऊर्जा काढून बघा. .२४३ ची १०० ग्रेनची गोळी २६०० जूलच्या पुढं जाते, म्हणजे बसते. .२२-२५० इतकी वेगवान असूनही २२४० च्या आसपासच थांबते, आणि बोअरमध्येही कमी पडते. .२२३ तर १७४० जूलच्या आसपास. मंटजॅक नावाच्या छोट्या हरणासाठी मात्र तिथं .२२० च्या वरचा बोअर चालतो. स्कॉटलंडमध्ये रो नावाच्या छोट्या हरणाला किमान ५० ग्रेनची गोळी चालते, मोठ्या लाल हरणाला नाही.

अमेरिकेत राज्य बदललं की नियम बदलतो. कोलोराडोत किमान .२४, व्हर्जिनियात .२३. टेक्सासमध्ये सेंटरफायर (बुडाच्या मधोमध ठिणगीची टोपी असलेलं काडतूस) असेल तर .२२ चा बोअरही चालतो. चालतो म्हणजे घ्यावाच असं नाही, हे वरची गोष्ट वाचून कळेलच.

नळीतले आटे

याकडे कुणी बघत नाही, आणि इथंच पैसे वाया जातात. नळीतले आटे गोळीला फिरकी देतात. भोवरा जोरात फिरला तर सरळ उभा राहतो, फिरकी कमी पडली की डुलतो. गोळी जितकी लांब आणि जड, तितकी फिरकी जास्त लागते.

१९५५ सालीच रेमिंग्टननं .२४४ हे काडतूस आणलं होतं. ताकदीला .२४३ पेक्षा कणभर सरसच. पण त्यांच्या नळीत आट्यांची एक फेरी १२ इंचांत होती, विंचेस्टरच्या नळीत १० इंचांत. लोकांना हरणासाठी १०० ग्रेनची गोळी हवी होती आणि १२ इंचांच्या फेरीत तिचा भरवसा नव्हता. ग्राहक .२४३ कडे गेले. पुढं १९६३ मध्ये रेमिंग्टननं फेरी ९ इंचांवर आणली आणि नाव बदलून ६ एमएम रेमिंग्टन केलं, पण तोवर बाजार हातचा गेला होता. .२२३ घेणाऱ्यानंही हेच बघावं. १२ इंचांच्या फेरीची जुनी नळी असेल तर हरणाला लागणारी जड गोळी तिच्यातून नीट जाणार नाही.

आमचं मत

.२४३, आणि त्यात ९० ते १०० ग्रेनची, हरणासाठी म्हणून बनवलेली गोळी. छातीचा जो भाग साधायचा असतो तो फार तर जेवणाच्या ताटाएवढा, त्यामुळे नवख्यानं २०० यार्डांच्या पुढं जाऊ नये. हलक्या गोळीला वाराही लवकर ढकलतो. .२२३ किंवा .२२-२५० घरात आधीच असेल, तिथला कायदा परवानगी देत असेल आणि हरीण लहान असेल, तर ६० ग्रेन किंवा वरची पक्क्या बांधणीची गोळी, शंभर-सव्वाशे यार्डांच्या आत, जनावर आडवं उभं असतानाच. समोरून किंवा तिरकं असेल तर घोड्यावरचं बोट काढून घ्यायचं.

आणखी एक, कळकळीनं. मुलगा सुट्टीला घरी येताना बॅगेत एकही काडतूस राहिलं नाही ना, हे त्याला दोनदा बघायला सांगा. शिकारीचं जाकीट, कॅमेऱ्याची पिशवी, सगळे खिसे उलटे करून. विनापरवाना एक काडतूस सापडलं तरी विमानतळावर शस्त्र अधिनियमाखाली गुन्हा दाखल होतो, आणि विसरून राहिलं हे पटवून देता देता सुट्टी संपते.

दुकानात विचारायला येताना मुलाकडून तीन गोष्टी मागवून आणा: तो कुठल्या राज्यात शिकार करणार, नळीवर फेरीचा आकडा काय कोरला आहे, आणि काडतुसाच्या खोक्याच्या चारही बाजूंचे फोटो. खोक्यावर गोळीचा प्रकार बारीक अक्षरात असतो, तो आम्ही वाचून सांगू. याचे पैसे घेत नाही.