लैंगिक संक्रमणे : मुंबईतील स्थलांतरित देहविक्रय

उपदंश (गरमी, सिफिलिस), परमा (गोनोरिया), क्लॅमिडिया, एचआयव्ही इ. संक्रमणांचा धोका परगावाहून येऊन देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांना विशेष असतो. मुंबईत हा व्यवसाय मुख्यतः कामाठीपुरा व फॉकलंड रोड भागात एकवटला. तेथे कर्नाटक, आंध्र, बंगाल व नेपाळमधून स्त्रिया येत.

उपदंश भारतात केव्हा आला, याविषयी मतभेद आहेत. सुश्रुतसंहितेतील ‘उपदंश’ तोच, असे काहींचे मत आहे. परंतु तेथील वर्णन प्रायः जननेंद्रियावरील विकारापुरते असल्याने, भावमिश्राच्या भावप्रकाश या वैद्यकग्रंथातील (बहुधा सोळावे शतक) ‘फिरंग’, म्हणजे फिरंग्यांचा रोग, हाच आजचा उपदंश, हे मत अधिक ग्राह्य वाटते. भावमिश्र त्याचे बाह्य, आभ्यंतर व मिश्र असे प्रकार सांगून रसकर्पूर (पाऱ्याचे औषध) आणि चोपचिनी (एक औषधी मुळी) सुचवतो. पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ऑर्ता याच्या गोव्यात १५६३ मध्ये छापलेल्या ग्रंथातही चोपचिनीची चर्चा आहे. रोगाला परक्यांचे नाव देण्याची रीत युरोपातही होती.

१८६८ च्या सांसर्गिक रोग अधिनियमाने देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांची नोंदणी व तपासणी सक्तीची केली. गिऱ्हाइकांना मात्र वगळले. मुंबईत तो १८७० मध्ये लागू झाला, १८७२ मध्ये स्थगित झाला, १८८० मध्ये पुन्हा आला आणि १८८८ मध्ये रद्द झाला. परम्याचा जंतू १८७९ मध्ये, तर उपदंशाचा १९०५ मध्ये सापडला. म्हणजे ही तपासणी बव्हंशी नजरेवरच चाले.

नव्याने आलेली, कर्जात अडकलेली किंवा ‘अधिया’वर, म्हणजे निम्मी कमाई घरवालीला (कुंटणखाना चालवणारीला) देऊन, राहणारी स्त्री निरोध नाकारणाऱ्या गिऱ्हाइकाला क्वचितच परतवू शकते. १९९० च्या दशकाच्या मध्यास मुंबईतील काही पाहण्यांत निम्म्याहून अधिक स्त्रिया एचआयव्हीबाधित आढळल्या. परमा व क्लॅमिडिया यांची लक्षणे स्त्रियांमध्ये अनेकदा दिसतच नाहीत. त्यांवर ॲझिथ्रोमायसीन १ ग्रॅम व सेफिक्झीम ४०० मिग्रॅ. एकाच वेळी देण्याची पद्धत शासकीय कार्यक्रमात रुळली, कारण औषध समोरच गिळवता येते आणि बाई पुन्हा न आली तरी उपचार पुरा होतो. जुन्या सुप्त (लक्षणे न दिसणाऱ्या) उपदंशाला मात्र बेंझाथीन पेनिसिलीनची २४ लाख एककांची इंजेक्शने आठवड्याच्या अंतराने तीनदा द्यावी लागतात. पहिले टोचून घेतलेली बाई गावच्या जत्रेला गेली किंवा दुसऱ्या शहरात हलवली गेली, की मालिका तुटते.

वस्ती उठवल्यानेही हेच घडते. गोव्यात वास्कोजवळील बायणा येथील वस्ती २००४ मध्ये पाडल्यावर स्त्रिया विखुरल्या. लॉजवर अथवा मोबाइलवरून व्यवसाय करणाऱ्या स्त्रियांपर्यंत पोहोचणे आरोग्यसेविकांना त्याहून अवघड जाते.