बॅनिश्ड

बॅनिश्ड हा गाव वसवण्याचा, आणि त्याहून अधिक ते तगवण्याचा, संगणकावरचा गेम आहे. १८ फेब्रुवारी २०१४ रोजी तो विंडोजसाठी आला. निर्माती म्हणून शायनिंग रॉक सॉफ्टवेअरचे नाव लागते. प्रत्यक्षात ते काम ल्यूक होडोरोविच या एकट्याचे.

हद्दपार झालेली मोजकी कुटुंबे, थोडे धान्य, थोडी अवजारे आणि समोर रान, एवढ्यावर खेळ सुरू होतो. शत्रू नाही, लढाई नाही, पैसाही नाही. नदीतून नावेने येणाऱ्या व्यापाऱ्याशी मालाच्या बदल्यात मालच द्यावा लागतो. जिंकण्याची ठरलेली रेषाही नाही. हिवाळा निभावला की पुढचे वर्ष.

खेळाचा कणा म्हणजे जंगल. घरासाठी ओंडके लागतात आणि थंडीत चुलीला सरपण, तेही ओंडक्यांचेच. पण कंदमुळे, आळंबी, रानफळे गोळा करणाऱ्यांना आणि औषधी वनस्पती शोधणाऱ्यांना जुनी, वाढलेली झाडे हवीत. झाडे तोडून जागा मोकळी केली की लाकूड मिळते आणि ताटातले कमी होते. म्हणून मुरलेले खेळाडू लावणी आणि तोड दोन्ही करणाऱ्या वनकामगाराची झोपडी रानमेवा गोळा करणाऱ्यांच्या शेजारीच बांधतात आणि त्यांच्या कामाच्या वर्तुळात घरे किंवा शेते घुसू देत नाहीत.

तरीही गावे बुडतात ती बहुधा जंगलापायी नाही, घरांपायी. रिकामे घर मिळाल्याशिवाय तरुण जोडपी वेगळी राहत नाहीत, आणि वेगळी राहिली नाहीत तर पाळणा हलत नाही. कोठारे भरलेली पाहून एकदम दहा घरे उठवली, की काही काळाने सगळीकडे पोरेच पोरे: खाणारी तोंडे वाढलेली, काम करणारे हात तेवढेच. उलट घरे बांधायची थांबवली तर गाव हळूहळू म्हातारे होते. इथली माणसे ऋतुचक्राच्या एका वर्षात साधारण पाच वर्षांनी मोठी होतात, त्यामुळे एकाच लाटेत जन्मलेले सगळे पुढे मागोमाग मरतात. शेतात पीक उभे आणि कापायला माणूस नाही, अशी पाळी मग येते. भुकेने माणसे गेली की कामे अडतात, कामे अडली की आणखी भूक. या घसरणीतून गाव क्वचितच सावरते.

दगड आणि लोखंड मात्र पुन्हा उगवत नाहीत. जमिनीवरचे वेचून झाले की खाण खणावी लागते. तीही कधीतरी संपते, आणि तिचा खड्डा बुजवता येत नाही. ती जागा कायमची गेली.

शेतीत मात्र गेम ढिला आहे. त्याच वावरात वर्षानुवर्षे तेच पीक घेतले तरी जमिनीचा कस जात नाही. जंगलाचा इतका काटेकोर हिशेब मांडणाऱ्या गेममध्ये ही सवलत खटकते, निदान ज्याच्या घरी शेती आहे त्याला तरी.