डोकं दुखतंय म्हणाली, तर आधी दंडाला पट्टा

माझ्या भाचीला ओटीभरण झाल्यावर बाळंतपणासाठी माहेरी आणलं. सासर गडहिंग्लजचं, माहेर खानापूरच्या पलीकडे, जांबोटीच्या वाटेवरच्या एका गावात. तिला आठवा लागला होता तेव्हा मी दोन दिवस राहायला गेले. सकाळी पडवीत तिची आजी सहाणेवर सुंठ उगाळत बसली होती आणि भाची भिंतीला टेकून, कपाळावर ओढणी घट्ट आवळून. डोकं उठल्याचा तिसरा दिवस होता.

"पित्त उसळलंय पोरीचं. लेप दिला की उतरंल बघ," आजी म्हणाली.

कपाळावर आदल्या दिवशीच्या लेपाची पापडी तशीच होती. माझं लक्ष मात्र तिच्या हातांकडे गेलं. ओटीच्या दिवशी भरलेला हिरवा चुडा तेव्हा मनगटात खळखळत होता. आता एकेक बांगडी मांसात रुतून बसली होती. एक मागे सरकवून पाहिली, तर खाली लाल वळ.

तिला रिक्षात घालून उपकेंद्रात नेलं. सिस्टरनी दंडाला पट्टा बांधला. बीपीचा आकडा आला १५८/१०४. थोडा वेळ शांत बसवून पुन्हा मोजलं, तरी फार फरक नाही. लघवीत प्रथिनं सापडली. तासाभरात १०८ ची गाडी बेळगावच्या वाटेला लागली होती.

आजीचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. दिवस गेलेल्या बाईचं डोकं दुखतं ते बहुतेक वेळा साध्याच कारणाने, आणि तिच्या उभ्या आयुष्याचा अनुभव तेच सांगत होता. अडचण अशी, की साधी डोकेदुखी आणि घातकी डोकेदुखी यांतला फरक कपाळाला हात लावून कळत नाही. तो दंडावर कळतो.

साध्या डोकेदुखीबद्दल आधी बोलू, कारण बहुतेकींच्या वाट्याला तीच येते. मेंदूला स्वतःला दुखणं कळत नाही. दुखतात ती त्याच्याभोवतीची आवरणं, तिथल्या रक्तवाहिन्या आणि कपाळाचे, मानेचे स्नायू. गरोदरपणात शरीरातलं रक्ताचं आकारमान हळूहळू ४० ते ५० टक्क्यांनी वाढतं, संप्रेरकं झपाट्याने बदलतात. त्यात पहिल्या तीन महिन्यांत ओकाऱ्यांमुळे पोटात पाणी ठरत नाही, अन्न ठरत नाही, झोप मोडते. एवढ्यावर डोकं धरलं तर नवल नाही.

एक कारण आपल्याकडे कुणाच्या ध्यानात येत नाही, ते म्हणजे चहा सुटणं. दिवसाला चार-पाच कप पिणाऱ्या बाईला दिवस गेल्यावर चहाचा वाससुद्धा नकोसा होतो आणि ती एका दिवसात चहा टाकते. कॅफीनची सवय लागलेल्या शरीराचं डोकं अशा वेळी १२ ते २४ तासांत ठणकायला लागतं. चार-आठ दिवसांत ते आपोआप थांबतं. ज्यांना चहा सोसतो त्यांनी तो साफ बंद करायची गरज नाही. दिवसभरात चहा-कॉफी मिळून २०० मिलिग्रॅमच्या आत कॅफीन चालतं, आणि घरच्या चहाच्या एका कपात साधारण ३० ते ५० मिलिग्रॅम असतं.

दुसरं कारण उपवास. आमच्या बेळगाव-खानापूरकडे संकष्टी धरणाऱ्या घरोघरी आहेत. चंद्रोदय रात्री नऊ-साडेनऊला. तोवर एका कपभर दुधावर राहिलेल्या गरोदर बाईची साखर उतरते आणि डोकं भणभणतं. पोटात लेकरू असताना उपवास धरला नाही तर गणपती रागावत नाही, हे सासूने स्वतःहून सुनेला सांगावं. सून आपणहून ते कधीच म्हणणार नाही.

निपाणीकडे गेलात तर आणखी एक चित्र दिसतं. मांडीवर सूप घेऊन बाया तासन्‌तास विड्या वळतात. मान खाली, खांदे पुढे, नजर बोटांवर, आणि खोलीभर तंबाखूची धूळ. मानेचे स्नायू असे आखडले की डोक्याभोवती पट्टा आवळल्यासारखी कळ येते, बहुतेकदा दोन्ही बाजूंना, दिवस कलताना. तंबाखूच्या उग्र वासाने आणि अंगात मुरणाऱ्या निकोटीनने मळमळ आणि डोकेदुखी होते ती वेगळीच. शिवाय कामाच्या जागी आडोसा नाही म्हणून पाणीच कमी प्यायचं, ही शेतात राबणाऱ्या बायकांचीही गोष्ट. या बाईला "आराम कर" सांगून भागत नाही. दर तासाला उठून चार पावलं चालणं, मानेला शेक, जवळ पाण्याची बाटली आणि गरोदरपणात तंबाखूपासून दूरचं काम, एवढं तरी घरच्यांनी जमवावं. हिमोग्लोबिन ११ च्या खाली असेल तर डोकेदुखीत त्याचीही भर पडते. लोहाच्या गोळ्या घ्यायच्या त्या चहाबरोबर नाही आणि कॅल्शियमच्या गोळीबरोबरही नाही, नाहीतर लोह नीट शोषलं जात नाही.

अर्धशिशीचं गणित निराळं आहे. तिचा इस्ट्रोजेन या संप्रेरकाच्या चढउताराशी संबंध आहे, म्हणून अनेकींना ती पाळीच्या आसपास गाठते. गरोदरपणात इस्ट्रोजेन चढत जातं आणि वरच टिकून राहतं, त्यामुळे निम्म्याहून जास्त बायकांची अर्धशिशी चौथ्या-पाचव्या महिन्यापासून सौम्य होते. बाळंतपणानंतर इस्ट्रोजेन कोसळतं आणि ती पुन्हा डोकं वर काढते. अंधारी खोली, थंड पाण्याची घडी, वेळेवर चार घास, वेळेवर झोप यांनी बऱ्याच जणींना उतार पडतो. पण अर्धशिशीवर कायमची औषधं चालू असतील तर दिवस राहण्याआधीच डॉक्टरांशी बोला. त्यांतलं व्हॅल्प्रोएट बाळाला अपाय करतं, हे पक्कं माहीत आहे. आणि जिला जन्मात कधी अर्धशिशी नव्हती तिला सातव्या-आठव्या महिन्यात "अर्धशिशी असेल" म्हणून कुणी घरी बसवू नये.

गोळीबद्दल थोडं ठासून सांगते, कारण घोटाळा इथेच होतो. गरोदरपणात डोकं दुखलं तर घ्यायची गोळी साध्या पॅरासिटामॉलची, डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत, लागेल तेवढीच. किराणा दुकानातल्या बरणीतून सुटी मिळणारी "डोकं दुखायची गोळी" म्हणजे बहुतेक वेळा दोन-तीन औषधांचं मिश्रण. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक या जातीच्या गोळ्या तर २० आठवड्यांनंतर टाळायच्याच. बाळाच्या मूत्रपिंडांवर परिणाम होऊन गर्भजल कमी होऊ शकतं, आणि शेवटच्या तीन महिन्यांत बाळाच्या हृदयाजवळची एक रक्तवाहिनी वेळेआधी मिटण्याचा धोका असतो. अ‍ॅस्पिरिनही डोकेदुखीसाठी घ्यायची नाही. मात्र बीपीचा धोका असलेल्या बाईला डॉक्टर तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून अगदी कमी मात्रेची अ‍ॅस्पिरिन देतात, ती घाबरून बंद करू नका. दोन्हींचं काम वेगळं आहे.

आता भाचीच्या आजाराकडे येते. त्याचं नाव प्रीएक्लॅम्प्सिया. त्याची सुरुवात लक्षणं दिसण्याच्या फार आधी, वारेजवळ होते. वार म्हणजे गर्भाशयात बाळाला आईच्या रक्तातून पोषण पुरवणारा अवयव. पहिल्या काही महिन्यांत गर्भाशयातल्या बारीक रोहिण्या, म्हणजे रक्त आणणाऱ्या वाहिन्या, रुंद होऊन वारेला भरपूर रक्त पुरवू लागतात. पाणंदीचा रस्ता व्हावा तशा. काही जणींत त्या अरुंदच राहतात. उपाशी राहिलेली वार मग आईच्या रक्तात असे पदार्थ सोडते, की अंगभरच्या रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर बिघडतं. वाहिन्या आवळतात, बीपी चढतं. मूत्रपिंडातून प्रथिनं गळतात. रक्तातलं पाणी झिरपून हातातोंडावर सूज येते. मेंदूच्या मागच्या भागात, जिथे दिसण्याचं केंद्र आहे, तिथे सूज आली की डोळ्यांपुढे काजवे चमकतात, अंधारी येते, धूसर दिसतं. यकृत ताणलं की उजव्या बरगडीखाली किंवा पोटाच्या वरच्या भागात दुखतं, आणि बाई म्हणते, पित्त झालंय.

वीस आठवड्यांनंतर बीपी १४०/९० किंवा त्याहून वर गेलं तर ते थकव्यावर ढकलायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचं. १६०/११० म्हणजे घटकाभरही थांबायचं नाही. यापुढची पायरी झटके, म्हणजे एक्लॅम्प्सिया. त्यावरचं औषध स्वस्त आणि जुनं आहे, मॅग्नेशियम सल्फेटचं इंजेक्शन. २००२ साली ३३ देशांतल्या सुमारे १०,००० बायकांवरच्या चाचणीत त्याने झटक्यांचा धोका निम्म्याहून खाली आणल्याचं सिद्ध झालं. मूळ आजार मात्र वार बाहेर पडल्यावरच ओसरू लागतो. म्हणून डॉक्टर बीपी आटोक्यात ठेवतात, बाळ वाढू देतात आणि योग्य वेळी बाळंतपण करतात. माझ्या भाचीचं बीपी गोळ्यांनी खाली आलं, डोकं उतरलं आणि ३७व्या आठवड्यात तिला मुलगी झाली.

या आजाराच्या अभ्यासात आपल्या भागाचं नाव जगभर गेलं आहे, हे इथल्याच लोकांना फारसं ठाऊक नसतं. बेळगावच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयातल्या संशोधकांनी बेळगाव आणि बागलकोट जिल्ह्यांत एक मोठी चाचणी केली. आशाताई टॅबलेट घेऊन घरोघर जायच्या, बीपी मोजायच्या, लक्षणं विचारायच्या, गरज पडली तर पुढे पाठवायच्या. असंच काम पाकिस्तानात आणि मोझांबिकमध्येही झालं आणि २०२० साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. एकंदर मृत्यू आणि गुंतागुंत त्याने ठळकपणे कमी झाली नाही. पण ज्या बायकांची आठ किंवा जास्त वेळा भेट झाली, त्यांच्यात बाळ दगावण्याचं प्रमाण कमी दिसलं. मला यातून एवढंच समजतं, की एकदा पट्टा बांधून भागत नाही. पुन्हा पुन्हा बांधावा लागतो, आणि पुढे नेलेल्या बाईला दवाखान्यात वेळेवर उपचार मिळावे लागतात.

आमच्या सीमाभागात नेमकी हीच साखळी तुटते. लेक सासरी चंदगडला किंवा गडहिंग्लजला, माहेर इकडे. नाहीतर उलट. सातव्या-आठव्यात ती राज्य ओलांडून येते, आणि प्रीएक्लॅम्प्सिया डोकं काढतो तोही याच महिन्यांत. महाराष्ट्रातलं कार्ड मराठीत, इथलं "तायी कार्ड" कानडीत. (कानडीत तायी म्हणजे आई. आमच्या बायका "ताई कार्ड" म्हणतात.) कार्ड तिकडे कपाटात राहिलं, की इथल्या डॉक्टरांना तिचं बीपी तिसऱ्या महिन्यात किती होतं ते कळत नाही. ११०/७० वरून १३८/८८ ला आलेली बाई त्यांना ठीकच वाटू शकते. म्हणून ओटीच्या सामानात कार्ड आधी ठेवा. अक्षर कुठलंही असो, बीपीचा आकडा दोन्हीकडे वाचता येतो. तपासायला बसलेल्या सिस्टरना मराठी नीट कळत नसेल तर "तले नोवु" एवढे दोन शब्द पुरतात. बीपी तर दोन्ही भाषांत बीपीच. मोजण्याआधी पाच मिनिटं शांत बसायचं, पाय जमिनीला टेकलेले, दंड काळजाच्या उंचीला, आणि मोजताना बोलायचं नाही.

बीपी ठीक असलं तरी काही डोकेदुखी थांबू देत नाहीत. एका क्षणात वीज कोसळावी तशी उठलेली कळ, तापासोबत आखडलेली मान, एक हात-पाय लुळा पडणं, बोबडी वळणं, आडवं झाल्यावर किंवा खोकल्यावर वाढणारं दुखणं. अशा वेळी थेट मोठ्या दवाखान्यात.

आणि बाळंत झाली म्हणजे सुटली, असं नाही. प्रीएक्लॅम्प्सिया बाळंतपणानंतर सहा आठवड्यांपर्यंत उद्भवू शकतो. कमरेत इंजेक्शन देऊन सिझर झालेलं असेल आणि उठून बसलं की डोकं फुटतं, आडवं झालं की थांबतं, तर ते त्या सुईच्या जागेतून मणक्यातलं पाणी झिरपल्यामुळे. त्यावर उपचार आहे, डॉक्टरांना सांगा. बाळंतिणीच्या बंद खोलीतली कोळशाची शेगडी कार्बन मोनॉक्साइड सोडते, त्यानेही डोकं दुखतं आणि आई-बाळ दोघांच्या जिवावर बेतू शकतं. खिडकी उघडा, शेगडी बाहेर काढा.

भाची बाळंत झाल्यावर मी पुन्हा गेले, तेव्हा पाण्याचं मात्र मला आजीशी भांडून करावं लागलं. "बाळंतिणीला पाणी दिलं की पोट सुटतं, अंग सुजतं," असं म्हणत तिने दिवसाला दोन पेल्यांचा हिशेब लावला होता. बाळंतपणानंतर रक्त आधीच लवकर गोठणारं झालेलं असतं. त्यात शरीर कोरडं पडलं तर मेंदूतून परत येणाऱ्या शिरेत गुठळी होऊ शकते. दिवसेंदिवस वाढत जाणारी डोकेदुखी, ओकाऱ्या, मग झटके. आपल्या देशात बाळंतिणींमध्ये हा आजार जास्त दिसत आला आहे आणि पाणी तोडण्याच्या रिवाजाकडे डॉक्टरांनी वर्षानुवर्षं बोट दाखवलं आहे.

आजी शेवटपर्यंत पटलं असं म्हणाली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी निघाले तेव्हा बाळंतिणीच्या उशाशी तांब्या भरलेला होता, वर पेला पालथा घातलेला. आणि तांब्याला हात लावून पाहिला तर पाणी कोमट होतं. उकळून निववून ठेवलं होतं तिने.