खून कुणासाठी झाले? मानवत प्रकरणाची पार्श्वभूमी

आपण मानवतचे आहोत असं बाहेरगावी सांगितलं, की समोरच्याचा पहिला प्रश्न अजूनही ठरलेला असतो: "ते खून झाले तेच ना?" पन्नास वर्षं उलटली. मानवत कापसाच्या बाजारपेठेचं गाव, परभणीपासून तीसेक किलोमीटरवर. पण २०२४ मध्ये ओटीटीवर या प्रकरणावर मालिका आली आणि तोच प्रश्न नव्या पिढीच्या तोंडी आला. न उलगडलेल्या खुनांवरून निघालेल्या भयपटांच्या याद्या फिरतात, त्यांतही मानवतचं नाव सर्रास घातलं जातं. कुणी म्हणतं प्रकरण सुटलंच नाही, कुणी म्हणतं सगळे फासावर गेले. दोन्ही अर्धं खरं आहे, म्हणून जे घडलं ते एकदा क्रमाने सांगायला हवं.

पहिला खून १४ नोव्हेंबर १९७२ चा. शेवटचे ४ जानेवारी १९७४ चे, त्या दिवशी आई आणि तिच्या दोन लेकी मारल्या गेल्या. वर्ष-सव्वा वर्षात एकूण दहा जीव गेले. त्यात दहाएक वर्षांच्या पाच मुली, पस्तिशीच्या आसपासच्या चार बायका आणि एक तान्हं लेकरू. हिंदू होत्या, मुसलमानही होत्या. सगळ्या साध्या घरच्या.

ते साल कोणतं होतं हे पडद्यावर फारसं दिसत नाही. १९७२ म्हणजे महाराष्ट्राचा मोठा दुष्काळ. आमच्याकडची वडीलधारी माणसं वय सांगताना आजही 'बहात्तरच्या दुष्काळात मी एवढा होतो' असं सांगतात. विहिरी आटलेल्या, माणसं दुष्काळी कामावर खडी फोडायला गेलेली, खायला सुकडी आणि लाल मिलो. घरातली मोठी माणसं दिवसभर कामावर असली की सरपण, शेण, पाणी हे सगळं पोरींवर येतं, आणि त्यासाठी त्यांना एकटीने गावाबाहेर जावं लागतं. मला या प्रकरणातली ही गोष्ट सगळ्यात जास्त टोचते. अशा गावात मारेकऱ्याला कुणाच्या घरात शिरावं लागत नाही.

दुसरी पार्श्वभूमी गुप्तधनाची. मराठवाड्यात जुन्या वाड्याला गुप्तधनाची गोष्ट चिकटलेली असतेच. रझाकारांच्या काळात लोक घरंदारं सोडून सरहद्दीपलीकडे पळाले, जाताना दागदागिने, चांदीचे रुपये पुरून गेले, असं घरोघरी सांगतात. त्या धनावर राखणदार असतो, तो काहीतरी मागतो, ही त्याच गोष्टीची पुढची पायरी. मानवतच्या खटल्यात सरकार पक्षाने मांडलेला हेतू याच समजुतीवर उभा होता: वाड्यातलं गुप्तधन, पिंपळावरचा मुंजा, मूल होण्याची आस, आणि त्यासाठी कोवळ्या मुलींचं रक्त. भयपटाला याहून जास्त काही लागत नाही.

स्थानिक पोलिसांच्या हाती धागा लागेना, तेव्हा तपास मुंबईहून आलेल्या रमाकांत कुलकर्णी यांच्याकडे गेला. १९६८ मध्ये रामन राघव प्रकरणाने त्यांचं नाव झालेलं होतं. अटका झाल्या, दोघे माफीचे साक्षीदार झाले, खटला उभा राहिला. आणि इथेच ती गाठ आहे. माफीच्या साक्षीदाराच्या शब्दाला स्वतंत्र पुराव्याचा टेकू लागतो. प्रत्यक्ष खून करणाऱ्यांविरुद्ध तो मिळाला आणि त्यांच्यापैकी काहींच्या शिक्षा कायम राहिल्या. पण ज्यांच्या सांगण्यावरून हे सगळं झालं असा आरोप होता, त्या दोन प्रमुख आरोपींवरचा कट वरच्या न्यायालयात सिद्ध झाला नाही. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल १९७७ चा, न्यायमूर्ती य. वि. चंद्रचूड यांनी लिहिलेला. माफीच्या साक्षीदाराचा पुरावा कसा तोलावा आणि शिक्षेपूर्वी आरोपीचं म्हणणं कसं ऐकावं, यासाठी वकील मंडळी तो आजही काढून वाचतात. थोडक्यात, हात कुणाचे होते हे कायद्याने ठरलं. खून कुणासाठी झाले, हे ठरलं नाही.

ही मोकळी जागाच सिनेमाला हवी असते. १९८१ मध्ये 'आक्रीत' आला. अमोल पालेकरांचं ते पहिलं दिग्दर्शन, लेखन विजय तेंडुलकरांचं. २०२४ ची मालिका कुलकर्णींच्या आठवणींवर बेतलेली.

जिथे आरोपीच सापडला नाही तिथे तर ही जागा आणखी मोठी होते. अमेरिकेतलं टेक्सारकाना हे त्याचं नेहमीचं उदाहरण. १९४६ च्या फेब्रुवारी ते मे या काळात तिथे आठ जणांवर हल्ले झाले, पाच मेले, मारेकरी कधीच मिळाला नाही. तीस वर्षांनी, १९७६ मध्ये, त्यावर सिनेमा निघाला. मेलेल्यांतली एक पंधरा वर्षांची मुलगी नाचाच्या कार्यक्रमात सॅक्सोफोन वाजवून परतत होती. तिचं वाद्य हरवलं आणि काही महिन्यांनी सापडलं, बस, एवढंच खरं. सिनेमात त्याचा ट्रॉम्बोन झाला, आणि तो वाजवत खुनी एका मुलीला भोसकतो असं दाखवलं. लोकांच्या लक्षात ट्रॉम्बोन राहिला. आपल्याकडे १९८९ मध्ये कोलकात्यात फुटपाथवर झोपणाऱ्या तेराजणांची डोकी दगडाने ठेचली गेली. त्याआधी काही वर्षं मुंबईत सायन-किंग्ज सर्कल भागात असंच घडलं होतं. दोन्हीकडचा 'स्टोनमॅन' सापडला नाही, पण २००९ च्या हिंदी सिनेमात त्याला चेहरा मिळाला. पोलिसांना जे जमलं नाही ते पटकथेला करावंच लागतं, कारण प्रेक्षक शेवट मागतो.

मानवतच्या बाबतीत हा चेहरा कुणाचा झाला, हे बोलायला हवं. प्रमुख महिला आरोपी पारधी समाजातली होती. ब्रिटिशांनी १८७१ मध्ये जमातीच्या जमाती जन्माने गुन्हेगार ठरवणारा कायदा केला, तो स्वतंत्र भारतात १९५२ मध्ये रद्द झाला. मानवतचे खून त्यानंतर वीसच वर्षांनी झाले, म्हणजे संशयाची सवय ताजी होती. कोर्टाने जो आरोप सिद्ध मानला नाही तो गोष्टींतून, मग पडद्यावरून, एका अख्ख्या समाजावर सांडत राहिला. हे मला त्या पिंपळापेक्षा जास्त भीतीदायक वाटतं.

नरबळी आणि जादूटोण्याविरुद्धचा वेगळा कायदा राज्यात यायला २०१३ साल उजाडलं. तो व्हावा म्हणून झटणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा पुण्यात २० ऑगस्टला खून झाला, त्यानंतर आधी अध्यादेश आणि डिसेंबरात कायदा. त्या खटल्याचा निकाल १० मे २०२४ ला लागला: गोळ्या झाडणाऱ्या दोघांना जन्मठेप, बाकी तिघे निर्दोष. सूत्रधाराचा प्रश्न इथेही उभाच राहिला.

मानवतच्या त्या पाच मुलींपैकी कुणाचंही नाव मालिका पाहिलेल्या माझ्या ओळखीच्या माणसांना सांगता आलं नाही. मुंजा सगळ्यांना आठवत होता. त्या मुली असत्या तर आज साठीच्या पुढे असत्या.