घर विकताय? आधी सांडपाण्याचा नकाशा पाहा

इंग्लंड आणि वेल्समध्ये घर विकणाऱ्या आमच्या मराठी ग्राहकांसाठी

मुंबई-पुण्यात नळ असो वा गटार, आपण महापालिका गाठतो. इथे त्यासाठी कौन्सिलकडे जाऊन उपयोग नाही. वाहिन्यांचे नकाशे वॉटर कंपनीकडे असतात. ‘ड्रेनेज अँड वॉटर सर्च’ म्हणजे ठरावीक प्रश्नांना तिने दिलेली लेखी उत्तरं. फॉर्मचं नाव ‘कॉन २९ डीडब्ल्यू’. घराला सार्वजनिक पाणीपुरवठा आहे का, मैलापाणी आणि पावसाचं पाणी सार्वजनिक गटारात जातं का, मीटर आहे का, हे त्यातून कळतं.

हा सर्च सहसा घेणाऱ्याचा सॉलिसिटर मागवतो. तरीही तुम्ही तो आधी पाहावा असं आम्ही आग्रहाने सांगतो, कारण त्यातून निघालेली अडचण शेवटी तुम्हालाच निस्तरावी लागते. लिलावात घर विकणार असाल, तर कागदपत्रांत तो सहसा तुमच्याकडूनच जातो. मात्र फार लवकर मागवू नका. सहा महिन्यांहून जुना सर्च कर्ज देणाऱ्या बँका सहसा स्वीकारत नाहीत.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो घरामागच्या एक्स्टेन्शनवरून, म्हणजे वाढीव बांधकामावरून. १ ऑक्टोबर २०११ ला शेजाऱ्यांशी सामायिक असलेल्या बहुतेक खासगी वाहिन्या वॉटर कंपन्यांच्या ताब्यात गेल्या. रांगेतल्या घरांच्या परसातून जाणारी वाहिनी त्या दिवशी सार्वजनिक झाली, आणि कित्येक घरमालकांना ते आजही माहीत नाही. त्यानंतर अशा वाहिनीवर किंवा तिच्यापासून तीन मीटरच्या आत बांधकाम केलं असेल, तर कंपनीची परवानगी होती का, हे घेणारा विचारणारच. आधीच्या बांधकामाचं तसं नाही. वाहिनी तेव्हा खासगी असेल, तर कंपनीची परवानगी लागतच नव्हती. म्हणून बांधकामाचं वर्ष दाखवणारा कागद जपून ठेवा.

परवानगी नसेल तर घाबरून कंपनीला फोन करू नका, आधी आमच्याशी बोला. अशा त्रुटीसाठी विमा मिळू शकतो, पण कंपनीशी आधीच बोलणं झालं असेल तर विमावाले सहसा नकार देतात. घेणाऱ्यापासून मात्र काहीही लपवायचं नाही.

गावाकडचं घर सेप्टिक टँकवर असेल तर तेही आधी सांगा. इंग्लंडमध्ये टँकचं पाणी थेट ओढ्यात किंवा नाल्यात सोडायला परवानगी नाही, आणि ती दुरुस्ती महिनाभर खाऊ शकते.

पहिल्या भेटीला येताना पाण्याचं ताजं बिल, बांधकामाचे कागद आणि परसातल्या चेंबरच्या झाकणांचे फोटो आणा.