पार्श्वभूमी: पेठेतल्या कुठल्या पाट्या बदलतात आणि कुठल्या नाही

कोल्हापूरचा महाद्वार रोड, नाशिकचा मेन रोड, सांगलीची कापडपेठ. सकाळी शटर वर जाताना या रस्त्यांवरून चाललं की शेजारशेजारच्या दोन गाळ्यांचं नशीब किती वेगळं आहे ते दिसतं. एका गाळ्यावर आजोबांच्या नावाची पाटी आहे आणि आत नातू बसलेला आहे. शेजारच्या गाळ्यात तीन वर्षांत मोबाइलचं दुकान झालं, मग ज्यूस सेंटर, मग पिझ्झा. आता शटरवर ‘भाड्याने देणे आहे’ असा कागद चिकटवलाय. रस्ता तोच, वर्दळ तीच. लोक याचं कारण धंदा करणाऱ्याच्या हुशारीत शोधतात. माझ्या मते बरंचसं कारण कागदात आहे: गाळा कोणत्या साली आणि कोणत्या नात्याने हाती आला, यात.

पेठा वसवल्या गेल्या तेव्हा चिंता नेमकी उलटी होती. व्यापारी यावेत म्हणून कौल, म्हणजे सवलतींची हमीपत्रं, दिले जात, काही वर्षं जकात माफ होई, पेठेचे प्रमुख असलेल्या शेटे-महाजनांना वतनं मिळत. कोल्हापुरात १८९५ मध्ये शाहूपुरी वसवली गेली तीही व्यापार शहरात आणण्यासाठीच. खाली दुकान, वर बिऱ्हाड ही बांधणी तेव्हापासूनची. मालकाने स्वतःचा धंदा आवरला की ओट्यालगतचा खण भाड्याने जाई. आजच्या पेठेतले अरुंद, खोल गाळे बरेचदा अशाच वाड्यांचे तुकडे आहेत.

आजच्या चित्राची सुरुवात मात्र दुसऱ्या महायुद्धातल्या टंचाईत आहे. १९४७ चा मुंबई भाडे नियंत्रण कायदा १३ फेब्रुवारी १९४८ पासून लागू झाला. १ सप्टेंबर १९४० रोजी जे भाडं होतं तेच प्रमाण भाडं, आणि जागा त्यानंतर पहिल्यांदा दिली असेल तर पहिलं भाडं. करवाढ किंवा सुधारणा यांसारखी मोजकी कारणं सोडली तर त्यावर वाढ नाही. १९६२ साली पहिल्यांदा भाड्याने गेलेला गाळा म्हणूनच १९६२ च्या भाड्यावर थांबला. हा कायदा विदर्भ-मराठवाडा सोडून बाकीच्या महाराष्ट्राचा. विदर्भात १९४९ चा मध्य प्रांत व वऱ्हाडचा आदेश होता, त्यात भाडेकरूला नोटीस देण्याआधी भाडे नियंत्रकाची परवानगी लागे. मराठवाड्यात हैदराबाद राज्याचा १९५४ चा कायदा होता. सोलापूर, अमरावती आणि आजचं छत्रपती संभाजीनगर यांच्या बाजारपेठा दिसायला सारख्या, पण तिथले दुकानदार मार्च २००० पर्यंत तीन वेगळ्या कायद्यांखाली बसलेले होते. राज्यभरच्या बाजारपेठांबद्दल एका दमात बोलणारे हे विसरतात.

१९४७ च्या मुंबई कायद्याच्या पूर्ण नावात ‘हॉटेल’ हा शब्दही आहे आणि तो फसवा आहे. तिथे हॉटेल म्हणजे मुक्कामाची जागा. आपण ज्याला हॉटेल म्हणतो, म्हणजे चहा, मिसळ, राइस प्लेट, ते कायद्याच्या दृष्टीने इतर कुठल्याही दुकानासारखा एक गाळा. त्यामुळे जुन्या उपाहारगृहांना भाड्याचं तेच संरक्षण मिळालं जे कापडवाल्याला मिळालं. स्वस्त थाळी पेठेत इतकी वर्षं तगली यात या गोठलेल्या भाड्याचा वाटा मोठा आहे, आणि त्याचं श्रेय या कायद्याला क्वचितच दिलं जातं.

आता पागडी. या शब्दाभोवती इतका गुंता आहे की इथे थांबायलाच हवं. १९४७ च्या कायद्याने मालकाने ठरलेल्या भाड्यापलीकडे रक्कम घेणं हा गुन्हा ठरवला आणि भाडेकरूने जागा सोडण्याबद्दल पैसे घेण्यावरही बंदी घातली. पोटभाडेकरू ठेवायलाही मनाई होती. पण सप्टेंबर १९४८ मध्ये सरकारने एक अधिसूचना काढली: चालू धंदा मालासकट आणि गुडविलसकट (म्हणजे धंद्याच्या नावलौकिकासकट) संपूर्ण विकला जात असेल, तर त्यासोबत गाळ्याचा भाडेहक्कही देता येईल. हेतू सरळ होता. म्हाताऱ्या दुकानदाराला आपला धंदा विकता यावा. परिणाम मात्र असा झाला की पुढची पन्नास वर्षं जो तो ‘चालू धंदा’ विकू लागला. बंद पडलेल्या किराणा दुकानाचे चार डबे आणि एक तराजू ‘माल’ म्हणून यादीत चढले, आणि खरी किंमत गाळ्याची असताना कागदावर ‘गुडविल’ लिहिलं गेलं. छोट्या जाहिरातींत आजही दिसणारं ‘रनिंग धंदा विकणे आहे’ हे वाक्य याच वळणाचं.

ज्यांना विकायचं नव्हतं त्यांनी भागीदारीचे करार केले. हॉटेलवाल्यांत ‘चालवायला देणे’ रूढ झालं: परवाना आणि गाळा जुन्याच्या नावावर, भट्टी आणि गल्ला नव्याच्या हाती, महिन्याला ठरलेली रक्कम. कोर्टात वाद गेला की एकच गोष्ट तपासली जाई: ताबा खरा कुणाकडे आहे, किल्ली कुणाच्या खिशात आहे. १ फेब्रुवारी १९७३ रोजी परवानगीने जागा वापरत असलेल्यांना पुढे दुरुस्तीने भाडेकरूचा दर्जा मिळाला. मालकांनी त्यातून धडा घेतला: कुणालाही आत घेऊ नका, गाळा कुलपात ठेवा. बाजारपेठांतल्या वर्षानुवर्षं बंद गाळ्यांचं एक मूळ इथे आहे.

म्हणजे पागडी एकाच वेळी तीन गोष्टींचं नाव होतं. मालकाला सुरुवातीला दिलेली रक्कम, जुन्या भाडेकरूला जागा सोडताना मिळणारी किंमत, आणि नवा भाडेकरू स्वीकारताना मालकाने मागितलेला हिस्सा. हा हिस्सा रिवाजाने साधारण तिसऱ्या भागाच्या आसपास असे, पण शहरागणिक आणि माणसागणिक बदले. तिन्हींना एकच शब्द वापरल्यामुळे ‘पागडी बंद करा’ आणि ‘पागडीला संरक्षण द्या’ म्हणणारे बहुधा वेगवेगळ्या गोष्टींवर भांडत असतात.

डिसेंबर १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोठवलेल्या भाड्याची तरतूद काळाच्या ओघात अवाजवी आणि मनमानी झाल्याचं म्हटलं. कायद्याची मुदत मार्च १९९८ मध्ये संपत होती म्हणून तो रद्द केला नाही, नवा करण्यासाठी वाट मोकळी ठेवली. त्यातून आलेला महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून लागू आहे. तीन विभागांचे तीन कायदे संपले, भाड्यात वर्षाला ४ टक्के वाढ आली. पण १ ऑक्टोबर १९८७ चं भाडं आधार धरून त्यावर ५ टक्के वाढवून मग ही ४ टक्क्यांची चढण सुरू होते. मूळ भाडं शंभर-दोनशे रुपये असेल तर पंचवीस वर्षांनंतरही ते चार आकड्यांत जात नाही.

खरा वादाचा निर्णय कलम ५६ चा. १९४७ पासून जे गुन्हा होतं ते या कलमाने कायदेशीर केलं: मालकाला भाडेपट्टा देताना, त्याचं नूतनीकरण करताना किंवा हस्तांतरणाला संमती देताना रक्कम घेता येते, आणि भाडेकरूलाही हक्क सोडण्याबद्दल मोबदला घेता येतो. समर्थकांचं म्हणणं असं की व्यवहार होतच होता, तो उजेडात आला. विरोधक म्हणतात, जागेत शिरण्याचा दरवाजाच आता विकत घ्यावा लागतो. मला दुसऱ्या बाजूत अधिक तथ्य वाटतं. रक्कम कायदेशीर केली पण तिला मर्यादा घातली नाही. भाडं नियंत्रित आणि प्रवेशाची किंमत मोकळी, अशी जोडी जिथे असते तिथे भाडं कमी ठेवल्याचा सगळा फायदा प्रवेशाच्या किमतीत जाऊन बसतो, आणि तो आधीपासून आत बसलेल्याला मिळतो. व्यवसायाच्या जागेत भाडेकरू वारला की तिथे धंदा करणारा कुटुंबीय, तो नसेल तर वारस, भाडेकरू होतो. शिवणकाम शिकून स्वतःचं दुकान काढू पाहणाऱ्या मुलीला पेठेत संरक्षित गाळा मिळणं म्हणूनच जवळजवळ अशक्य. तिच्या वाट्याला उरतो तो दुसरा गाळा, अकरा महिन्यांचा.

अकरा महिने हा आकडाही आता पोकळ झालाय. १९०८ च्या नोंदणी कायद्यात एक वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणी सक्तीची होती, म्हणून एक महिना कमी धरण्याची पद्धत पडली. १९९९ च्या कायद्याच्या कलम ५५ ने महाराष्ट्रात भाड्याचा आणि लीव्ह अँड लायसन्सचा (भाडेहक्क न देता ठरावीक काळ जागा वापरू देण्याचा) प्रत्येक करार लेखी आणि नोंदणीकृत हवा असं सांगितलं, मुदत काहीही असो. पळवाट गेली, सवय राहिली.

याच कायद्याच्या कलम ३ ने बँका, सार्वजनिक उपक्रम, बहुराष्ट्रीय कंपन्या आणि १ कोटी रुपये किंवा अधिक भरणा भांडवल असलेल्या कंपन्यांचं संरक्षण काढलं. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारी कंपन्याही त्यात येतात हे स्पष्ट केलं. बाजारपेठांच्या मोक्याच्या कोपऱ्यांवरच्या बँकशाखा आणि विमा कार्यालयांच्या मालकांना पहिल्यांदा बाजारभाव मागता आला. अशा जागी जो नवा येतो तो तोच भाव परवडणारा: दागिन्यांची साखळी, तयार कपड्यांची साखळी. लोक म्हणतात बाजार बदलला. त्याआधी त्या जागांचा दर्जा बदलला होता.

हॉटेलांना हे सगळ्यात जास्त जाचतं. कापडवाला रॅक उचलून दुसरीकडे जाऊ शकतो. हॉटेलवाल्याने ओतलेला पैसा भिंतीत असतो: धुराडं, मोरी, फरशी, गॅसची लाइन. तीन वर्षांचा करार, दरवर्षी वाढणारं भाडं, वर डिपॉझिट. पहिलं वर्ष गिऱ्हाईक जमवण्यात जातं, दुसऱ्यात पैसे सुटू लागतात, आणि तिसऱ्या वर्षी धंदा चाललेला बघून मालक नव्या कराराला नवा आकडा सांगतो. चालणारं हॉटेल बंद का झालं, असं आपण विचारतो तेव्हा चालणं हेच पुष्कळदा त्याचं कारण असतं.

मग एकामागोमाग एक तडाखे आले. नोव्हेंबर २०१६ ची नोटाबंदी, जुलै २०१७ चा जीएसटी, मार्च २०२० ची टाळेबंदी. ते सगळ्यांना बसले, पण सारखे बसले नाहीत. नाममात्र भाड्याच्या दुकानदाराने शटर खाली ठेवून वाट पाहिली. करारावरच्या हॉटेलवाल्याला बंद काळातही भाड्यासाठी घासाघीस करावी लागली, आणि ज्याची डाळ शिजली नाही त्याने डिपॉझिटमधून भाडं वळतं करून जागा सोडली. २०२० नंतर बदललेल्या पाट्या मोजल्या तर त्यात पागडीचे गाळे फार थोडे निघतील, असं मला खात्रीने वाटतं. घरपोच जेवणाची ॲप्स आल्यावर काहींनी पेठेतली जागाच सोडून गल्लीत स्वयंपाकघर थाटलं. पालिकेच्या मंडयांतल्या मुदत संपलेल्या गाळ्यांचं भाडं बाजारमूल्याशी जोडण्यावरून गाळेधारक आणि पालिका यांच्यातला वाद वेगळाच, पण मूळ प्रश्न तोच.

सध्या लढाई इमारतींवर आली आहे. पावसाळ्याआधी धोकादायक वाड्यांना पालिकेच्या नोटिसा जातात. मालकाला दुरुस्तीत रस नसतो, कारण भाडं येतं शे-दोनशे. भाडेकरू हलत नाही, कारण हललं तर हक्क जाईल ही भीती. या भीतीला २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने काहीसं उत्तर दिलं: इमारत पाडली गेली म्हणून भाडेहक्क आपोआप संपत नाही, जमिनीवर तो शिल्लक राहतो. त्यामुळे जुन्या बाजारपेठांत आता पाडलेल्या वाड्यांच्या रिकाम्या जागा दिसतात. पुढे पत्रा ठोकलेला असतो, आत गवत वाढलेलं, आणि पत्र्यावर जुन्या दुकानाचं नाव आणि ‘आमचे दुकान समोरच्या बोळात’ असा बाण रंगवलेला.